बारा हसरे चेहरे

मनस्विनी पुण्याहून येणार हे मला सगळ्यात शेवटी कळलं, आणि तेही शिपायाकडून. भागोजी वर्गाच्या दारात झाडू घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमची मैत्रीण येतेय ना सोमवारी. सरांनी कंप्युटरची खोली झाडायला सांगितलंनी." मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. पुढचा आकडा चुकला.

ही गोष्ट २००२ सालच्या जानेवारीतली. रत्नागिरीत मी चौथीच्या वर्गाला शिकवत होते, आणि एकोणीस वर्षं तेच करत होते. मनस्विनी, म्हणजे मनू, माझी डी.एड.ची मैत्रीण. आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, आणि सराव पाठाच्या दिवशी जे झालं ते दोघींनीही पुढे कधी तोंडातून काढलं नाही. तिचा गणिताचा पाठ पार कोसळला होता. मुलं बाकांवर चढली, एकाने तिची खडूची पेटी पळवली, आणि पाठ तपासायला बसलेल्या मॅडमनी वही मिटून टाकली. मनू जिन्यात बसून रडली. पुढच्या तासाला त्याच वर्गावर माझा पाठ झाला आणि मला पंचवीसपैकी तेवीस गुण पडले. मी तिचे डोळे पुसले, तिला माझा तक्ता दिला, आणि मनात म्हटलं, हिला काही हे जमायचं नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांत तिने नोकरी सोडली, लग्न करून पुण्याला गेली, आणि तिथे काय काय शिकत राहिली ते दिवाळीच्या पत्रांतून कळायचं. आता ती एका कंपनीत होती. कंपनी मुलांसाठी मराठीत वेबसाइट काढत होती, खेळता खेळता शिकायची. ती मुलांना कशी वाटते, मुलं कुठे अडतात, कुठे कंटाळतात, हे लोकांसमोर येण्याआधी तपासायचं काम मनूचं. म्हणजे मुलांकडे बघायचं आणि लिहून घ्यायचं. एवढ्यासाठी तिला गाडी, मोबाइल आणि इंग्रजीत हुद्दा छापलेलं कार्ड होतं. मीही रोज बेचाळीस मुलांकडे बघत होते. मला कोणी कार्ड दिलं नव्हतं.

तिच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, माझा खेळ. 'आंब्याची गाडी'. पंधरा वर्षांपूर्वी मी तो पुठ्ठ्यावर स्वतः रंगवला. रत्नागिरीतून आंब्याचा ट्रक निघतो आणि वाशीच्या बाजारात पोचतो. वाटेत कुवारबावला दोनचा पाढा, हातखंब्याला तीनचा, निवळीला चारचा, असं करत वाशीला बाराचा. ट्रक म्हणून रंगवलेले चिंचोके. उत्तर आलं की गाडी पुढे, चुकलं की परत रत्नागिरी. जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला तो खेळ व्हायचा, घंटा व्हायच्या आत सगळ्या गाड्या वाशीला लागायच्या, आणि मी विचारायचे, "आवडला का रे?" की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "आवडलाऽ!" तेवढं ऐकून मी घरी जायचे. मनूचा हुद्दा, मनूची गाडी, मनूचं पुणं, सगळं तिचं तिला लखलाभ. मुलांना काय आवडतं ते मला कळतं आणि तिला कळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी ताठ उभी होते.

शनिवारी मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सरांनी मला बोलावून बारा मुलं निवडायला सांगितली. शाळेची लाज राखा, एवढं दोनदा बजावलं. हे सांगायला नको होतं. आमच्याकडे तपासणीला साहेब येवोत, बक्षीस द्यायला संस्थेचे कोणी येवोत, आदल्या दिवशी मुलांची तयारी करून घ्यायची हा शिरस्ताच होता. नखं कापून यायचं, ताठ बसायचं, पाहुण्यांनी विचारलं की उभं राहून गोड तोंडाने "आवडलं" म्हणायचं. पाहुणा नाराज होऊन जायला नको, एवढाच त्यातला हेतू. मी हात धुतल्यासारखं सवयीने ते करून घेतलं. बारा मुलांना ओळीत उभं केलं, मनू काय काय विचारील ते विचारलं, आणि त्यांनी बाराही वेळा बरोबर उत्तर दिलं.

सोमवारी मनू आली. केस मानेपर्यंत कापलेले, हातमागाचा ड्रेस, खांद्याला मोठी पिशवी. मला बघून "काय गो हेमे" म्हणत गळ्यात पडली, आणि मला एकदम विशीतली मनू दिसली, म्हणून आणखीच राग आला. मग तिने मुलांना सांगितलं की मला मॅडम म्हणायचं नाही, मनूताई म्हणायचं. माझ्याच वयाची, तीन महिन्यांनी मोठीच, आणि पाच मिनिटांत ताई झाली. मुलांनाही काय, लगेच मनूताई, मनूताई. माझ्या तोंडावर हसू होतं, पण आतून नुसता जळफळाट चालला होता.

कंप्युटरच्या खोलीत आमची दोन यंत्रं होती, मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि एरवी कापड घालून ठेवायचं, असा आमचा त्यांच्याशी संबंध. चपला बाहेर काढायच्या, किल्ली सरांकडे. इंटरनेट फोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलाने यायचं, म्हणून मनूने सगळी वेबसाइट सीडीवर भरून आणली होती. तिने कोपऱ्यात कॅमेरा लावला, मुलांना दोघं दोघं करून आत घेतलं, आणि मला मागच्या स्टुलावर बसवलं. नियम एकच. मुलं अडली तरी बाईंनी बोलायचं नाही, खूण करायची नाही, खोकायचंसुद्धा नाही.

"तू बोललीस की ती तुझ्याकडे बघणार," मनू म्हणाली, "आणि मला ती खेळाकडे बघताना हवीत."

वेबसाइटचं नाव गोगलगाव. गोगो नावाची गोगलगाय होडीत बसून पाढा विचारते, पाण्यात आकडे लिहिलेले मासे फिरतात, बरोबर माशावर टिचकी मारली की गोगो टाळ्या वाजवून शाब्बास म्हणते. चुकलं की होडी कलंडते, गोगो धप्पकन चिखलात पडते आणि बुडबुडे काढत वर येते. चित्रं सुरेख होती, हे मला मान्य करावं लागलं. मी करत असलेलं सगळं त्यात होतं, फक्त माझं गावठी आणि त्यांचं हलतं-बोलतं.

माझी मुलं समोर बसली, ताठ, एक हात गुडघ्यावर. त्या बसण्यावरून मी सगळं ओळखलं. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण असतं तेव्हा ती अशी बसतात. हसली तरी ओठ मिटून. माउस कसा धरायचा ते निम्म्यांना समजत नव्हतं, पण विचारायचं कोणी नाही, कारण पाहुण्यांना विचारायचं नसतं. सागर नावाचा एक मुलगा होता, पाढ्यांत कच्चा, पण एरवी वर्गात त्याची टकळी थांबायची नाही. तोसुद्धा देवळात बसल्यासारखा. मला मनूला सांगता आलं असतं की ही मुलं खेळत नाहीयेत, पाहुणचार करताहेत. मी मुद्दामच गप्प राहिले. मला बोलायची बंदीच होती ना.

प्रत्येक जोडी संपली की मनू त्यांना एकेक कागद द्यायची. कागदावर पाच चेहरे. एक रडका, एक हिरमुसलेला, एक ना धड इकडचा ना तिकडचा, एक हसरा आणि एक दात दाखवून खदाखदा हसणारा. खेळ जसा वाटला त्या चेहऱ्यावर लाल टिकली चिकटवायची. बारा मुलांनी बारा टिकल्या खदाखदा हसणाऱ्या चेहऱ्यावर लावल्या. काही चुकायला नको म्हणून भार्गवीने तर अंगठ्याने दाबून दाबून बसवली.

सरांनी पेढे मागवले. शाळेचं नाव पुण्यात जाणार, असं तीनदा म्हणाले. मनू ते बारा कागद पत्ते पिसावेत तसे खालीवर करत होती. "बाराच्या बारा," ती हळूच म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन मोबाइलवर कोणाशी तरी बराच वेळ बोलत राहिली. मला वाटलं, कंपनीत फुशारकी मारतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्या बारा टिकल्या तिने मिळवल्या नव्हत्या, मी शनिवारी घोटून घेतल्या होत्या. तिला हरभऱ्याच्या झाडावर मीच चढवलं होतं. हे सांगून टाकावं तर तिचा फुगा फुटला असता, पण मी कसली जुन्या वळणाची बाई ते सगळ्यांना कळलं असतं. सांगवेना आणि राहवेना.

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली. मी दुपारपासून राबून वालाची उसळ, सोलकढी आणि तिला आवडतात म्हणून तांदळाच्या पिठाचे घावन केले. का केले कोण जाणे. आमचे हे बँकेत आहेत, जेवताना वर्तमानपत्राशिवाय कोणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र मनूला प्रश्नावर प्रश्न. मुलांचं मत कसं काढता, कॅमेरा कशाला, एका खेळाला किती दिवस लागतात. एकोणीस वर्षांत त्यांनी मला माझ्या वर्गातल्या एका मुलाचं नाव विचारलं नव्हतं. मी घावन वाढत होते आणि वाढता वाढता माझा आवाज कधी चढला ते मलाच कळलं नाही.

"एवढं यंत्र कशाला लागतं," मी म्हटलं. "माझ्या पुठ्ठ्याच्या गाडीलाही बाराच हसरे मिळतील."

मनूने हात थांबवला. गाडी अजून आहे का, असं तिने विचारलं. मी कपाटातून खेळ काढून आणला. तिने पानाच्या बाजूला सरून तो मांडीवर घेतला आणि एकेक गाव बोट फिरवून पाहिलं. डी.एड. झाल्यावर केलास हा, माझं लग्न होऊन गेलं होतं, असं काहीतरी म्हणाली. रंग सुंदर लावलेत, हेही म्हणाली. त्या कौतुकाने मी आणखीच पेटले.

"रंगांचं राहू दे. बुधवारी तू आहेस ना? तुझ्या वेबसाइटला बसवलंस तसं याला बसव. तोच कॅमेरा, तेच चेहरे, तीच मुलं."

"बघ हं," मनू म्हणाली. "तपासायला बसले की मी कोणाची मैत्रीण नसते."

मी म्हटलं, नसू दे.

मंगळवारी मनू त्याच मुलांना पुन्हा बसवणार होती, म्हणून सकाळी शाळा भरायच्या आधी मी त्या बारा जणांना पिंपळाच्या पाराशी गोळा केलं. रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली होती. मी म्हटलं, शनिवारी सांगितलेलं विसरा. आज मनूताई पुन्हा विचारतील, तेव्हा जे वाटतं ते खरं सांगायचं. आवडलं नाही तर नाही म्हणायचं, काय आवडलं नाही तेही सांगायचं. मुलं माझ्याकडे संशयाने बघायला लागली. भार्गवीने विचारलं की त्याचे गुण कापणार का. सागरने विचारलं की हसलं तर चालेल का. सगळं चालेल म्हटलं. एखाद्या थोर शिक्षिकेने सांगावं तसं मी ते सांगितलं, पण मला सत्याबित्याची काही पडलेली नव्हती. मनूच्या त्या गोगलगाईचा पुरता बोऱ्या वाजावा, एवढीच इच्छा.

आणि वाजला. पहिल्या दहा मिनिटांत खोलीचा बाजार झाला. सागरने पहिलाच मासा मुद्दाम चुकीचा मारला, गोगो चिखलात पडली, आणि तो असा हसला की स्टुलावरून खाली आला. मग जो तो मुद्दाम चुकायला लागला. बरोबर उत्तर दिलं की नुसत्या टाळ्या, चुकीचं दिलं की धप्प आणि बुडबुडे. कोण कशाला बरोबर उत्तर देईल? अपूर्वला तर सगळे पाढे येतात, तोही सात सक दोन म्हणून बसला. बंदरावरच्या एका मुलीने सांगितलं की हे मासे खोटे आहेत, असा नारिंगी गोल मासा बाजारात कोणी हात लावून बघणार नाही, यात एक तरी बांगडा घाला. भार्गवी म्हणाली, गोगो फार हळू बोलते, तिचं बोलणं संपेपर्यंत मला पाणी पिऊन येता येतं. परत जायचं बटण पानाच्या तळाशी लपलेलं, ते तर बारापैकी एकालाही सापडलं नाही. टिकल्या सगळ्या चेहऱ्यांवर विखुरल्या. दोन रडक्यावरसुद्धा गेल्या.

मी स्टुलावर बसून आनंदाने नुसती फुलले होते. आता मनूचं तोंड बघायचं, म्हणून मान वळवली. मनूची वही भरत आली होती. गाल लाल झाले होते, केस कानामागे टाकायचीही तिला शुद्ध नव्हती. शेवटची जोडी बाहेर गेली तशी ती उठली आणि तिने मला घट्ट धरलं.

"काल माझा जीव टांगणीला लागला होता गो," ती म्हणाली. "बाराच्या बारा हसरे म्हणजे तपासणी फुकट गेली. मुलं मला घाबरली असं मी पुण्याला कळवूनही टाकलं. आज त्यांनी काय काय काढून दिलं बघ. चुकल्यावर जास्त मजा येते हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तू काय जादू केलीस?"

म्हणजे तिला चुकाच हव्या होत्या. त्यासाठीच ती शंभर कोसांवरून आली होती. मी द्वेषाने जे केलं ते तिच्या पदरात जाऊन पडलं, आणि वर मला शाबासकी. मी म्हटलं, काही नाही, मुलं काल लाजली होती. माझं तोंड कडू झालं होतं. तरी एक समाधान उरलं होतं की उद्या बुधवार आहे.

बुधवारी मीच सगळ्यांत आधी खोलीत गेले. पुठ्ठा पुसला, चिंचोके मांडले, पाढ्यांच्या चिठ्ठ्या नीट लावल्या. या वेळी मी मुलांना काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. मनूने कॅमेरा लावला आणि मला परत त्याच स्टुलावर बसवलं. नियम तोच. या वेळी मुलं सहा सहाच्या दोन गटांत आली.

पहिल्या गटाने खेळ मांडला आणि सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग सुरू झाला. अपूर्वची गाडी भराभर चिपळूणपर्यंत गेली. भार्गवीची सावर्ड्याला अडली, तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. सहा साते, माझ्या जिभेच्या टोकावर बेचाळीस. शुक्रवारी मी नुसती ओठांनी सांगते आणि गाडी पुढे सरकते, त्याला मी मदत म्हणते. आज मी ओठ घट्ट मिटून बसले. भार्गवी चुकली, गाडी रत्नागिरीला परत. सागर निवळीला चुकला, परत रत्नागिरी. पुन्हा निघाला, पुन्हा निवळी, पुन्हा रत्नागिरी. तिसऱ्या खेपेला त्याने चिंचोका पुठ्ठ्यावर ठेवलाच नाही, हातातच ठेवला आणि छताकडे बघत बसला. अपूर्व एकटाच खेळत होता. बाकीचे पाच जण ताठ बसले होते, एक हात गुडघ्यावर.

ते बसणं मी ओळखलं. आणि मग जे आठवलं ते आठवायला नको होतं. शुक्रवारीही ती अशीच बसायची. मी पुठ्ठ्याजवळ उभी असायचे, चिठ्ठ्या वाचायचे, उत्तरं सुचवायचे, गाड्या ढकलायचे, घड्याळ बघायचे. त्यांच्या बसण्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या गटाचंही तेच झालं. मग मनूने कागद वाटले, टिकल्यांचं पाकीट मध्ये ठेवलं, आणि बाराही मुलांना एकदमच विचारलं की खेळ कसा वाटला तिथे टिकली लावा. कोणी पाकिटाला हात लावेना. भार्गवी उठली, माझ्या स्टुलापाशी आली, आणि कानात बोलल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं.

"बाई, खरं सांगायचं, की नेहमीसारखं?"

 मनूने पेन खाली ठेवलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कॅमेऱ्याच्या काचेशी काहीतरी करत राहिली. माझ्या मनात आलं ते सांगते. 'नेहमीसारखं' एवढंच म्हणायचं होतं. बारा हसरे माझ्या हातात होते. पंधरा वर्षं ज्या आवाजाने मी घरी जात होते, तो आवाज पुन्हा मिळाला असता, आणि मनूला तो खोटा पाडताही आला नसता. मुलांनी माझी लाज राखली असती, कारण ती दर शुक्रवारी तेच करत आली होती. आधीच्या वर्गांनीही तेच केलं असणार, आता ती मुलं कॉलेजात असतील.

"खरं," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

भार्गवीने मान हलवली, जागेवर जाऊन टिकली काढली आणि हिरमुसलेल्या चेहऱ्यावर लावली. मग एकामागून एक. अपूर्वची एकट्याची हसऱ्यावर. पाच ना धड इकडच्या ना तिकडच्या चेहऱ्यावर. बाकी हिरमुसलेल्यावर, आणि सागरची रडक्यावर. त्याने माझ्याकडे बघत लावली, उर्मटपणे नाही, विचारल्यासारखी. मला राग आला तो मनूचा. तीन दिवस झाले होते तिला येऊन. तीन दिवसांत माझी मुलं तिच्यासमोर खरं बोलायला लागली होती.

नियम मोडून मी उठले आणि सागरच्या बाजूला खाली बसले. मी विचारलं, रडका का?  मी रागावणार नाही म्हटलं. तो मनूकडे बघायला लागला, तिच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांग म्हटलं.

"गाडी तुमीच चालवताव ना बाई," सागर म्हणाला. "आमी नुसते बसून. घंटा झाली की वाशीला."

मला वाटलं होतं की तो पाढे अवघड आहेत म्हणेल. ते मी सोपे करून दिले असते. मी त्याला विचारलं की मग काय करायला हवं. त्याने चिंचोका मुठीत घट्ट धरला आणि थोडा विचार केला. माझ्या प्रश्नाचं उत्तर चुकेल अशी त्याला भीती वाटत होती का, ते मला समजलं नाही.

"तुमी जरा भायेर उभ्या राव्हा," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. मनूने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं, मला तिचा मनसोक्त द्वेष करता आला असता. ती नुसती थांबली होती, मी काय करते ते बघत, मुलांकडे बघते तशी. त्या बघण्याचाच मला हेवा वाटला. जिन्यात बसून रडलेल्या त्या मुलीने मुलांना विचारायला शिकून घेतलं होतं, आणि तेवीस गुणांच्या पाठानंतर मला कोणाला काही विचारावंसंच वाटलं नव्हतं.

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. व्हरांड्यात भागोजी पाण्याचं पिंप भरत होता, त्याने विचारलं, काय बाई, झालं का? मी म्हटलं, नाही अजून.  मग आतून पुठ्ठा सरकवल्याचा आवाज आला. अपूर्व कोणाला तरी समजावून सांगत होता, निवळीला चुकलं तर रत्नागिरीला कशाला, हातखंब्यालाच थांबू. भार्गवी म्हणाली, नाही, गाडी पंक्चर झाली असं करू. मग भांडण. मग सागरचा आवाज, गाडी घाटात उलटली, सगळे आंबे खाली, आता मोजा. त्यावर अशी हसण्याची लाट आली की दार हादरलं. चार आठे बत्तीस, कोणीतरी ओरडलं, बत्तीस आंबे पडले, सागर, तूच उचल. आणि सागर मोजायला लागला, चार, आठ, बारा, सोळा, चुकला, परत पहिल्यापासून, कोणी त्याला रत्नागिरीला पाठवलं नाही.

पंधरा वर्षांत माझ्या खेळावर मुलं अशी हसली नव्हती. मनू आत होती, तिला ते दिसत होतं, आणि मला दिसत नव्हतं. आत जावं म्हणून मी कडीला हात लावला. मी गेले असते तर मुलं ताठ बसली असती, एक हात गुडघ्यावर, आणि मी विचारलं असतं तर आवडलं म्हणाली असती. मी हात काढून घेतला आणि घंटा होईपर्यंत बाहेरच उभी राहिले.